फटी

डॉक्टरने कागदावर आधी नाकाचं मूळ काढलं,
मग डोळ्यांच्या दोन नसा एकमेकींना ओलांडतात तो चौक,
आणि चौकाच्या जरा वर एक टिंब.
"एवढंच," ती म्हणाली. "चार ग्रॅम.
तहान इथे. ताप इथे. झोप, आणि झोपेतून उठणं.
पोट भरलं हे ज्याला कळतं, तेही इथेच."
गाठ त्या टिंबाला चिकटून वाढली होती.
गाठ निघाली. टिंबाचा काही भाग तिच्याबरोबर आला.

सुन्वाने तो कागद कोपनहेगनहून घडी करून
बेटावर आणला. अजून पर्समध्ये आहे,
घडीवर शाई पुसली आहे, नेमकी तिथेच.

भुकेला कोंडा, निजेला धोंडा म्हणतात.
बॉर्दुरला कोंडाही पुरत नाही,
आणि भर दुपारी गणिताच्या तासाला
बाक हाच धोंडा होतो.
अकरा वर्षांचा. सकाळी नाकात एक फवारा,
नाहीतर प्यालेलं पाणी थांबतच नाही अंगात.
मग गोळ्या. ताप आला तर दुप्पट,
कारण संकटात अंग स्वतःला जे देतं
ते त्याला आता डबीतून द्यावं लागतं.

फडताळाला कुलूप. फ्रीजला सायकलची साखळी.
किल्ल्या सुन्वाच्या गळ्यात, क्रूसाच्या जागी.
ती स्वतः गाडीत जेवते, मासळीच्या कारखान्यामागे,
काच खाली करून, वास कपड्यांना लागू नये म्हणून,
चोरासारखी, भराभर.
शेजारीण म्हणते, पोराला धाक नाही.
धाक!
धाकाची जागा तर शाबूत आहे,
बदामाएवढी, दोन्ही कानशिलांच्या आत.
धाक आहे. लाजही आहे. तो खाताना रडतो.

फेब्रुवारीत, रात्री तीनला, अंथरूण रिकामं.
परसात आब्बीची, म्हणजे तिच्या बापाची, खोपी.
लाकडी पट्ट्यांच्या भिंती, दोन पट्ट्यांत बोटभर फट,
समुद्रावरचा वारा आरपार जावा म्हणून.
आत मेंढ्यांच्या तंगड्या, ऑक्टोबरपासून टांगलेल्या,
वर पांढुरकी बुरशी.
फटीफटीतून उजेड येत होता.

ती अनवाणी धावली. हातात सुरी असणार. होती.
एक तंगडी हाडापर्यंत गेलेली असणार. तीही.
आणि तो एक काप विजेरीपुढे धरून उभा.
"आब्बी असा धरायचे," तो म्हणाला.
"पलीकडचं दिसलं पाहिजे. जाड कापणाऱ्याला घाई असते."

बाकी प्रत्येक खबरेला चौकीवर नाव सांगावं लागतं.
वासाला नाही. वास थेट आत.
तिथे समुद्रघोड्यासारखी वळलेली आठवणींची घडी,
तिच्यातून पांढऱ्या तंतूंची कमान निघते,
वर चढते, वळते, आणि उतरते
त्याच टिंबाच्या पायथ्याशी.
पूल उभा आहे. पलीकडचं गाव अर्धं वाहून गेलं.

"मला सगळं आठवतं, आई. टोपी. डिझेलचा वास.
पुरे कसं म्हणायचे तेही.
पण आठवून काही होत नाही."

सुन्वाने त्याच्या हातातला काप घेतला आणि खाल्ला.
त्याच्यासमोर. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.
खारट, उग्र, जिभेवर रेंगाळणारा.
तो तिचा जबडा हलताना बघत राहिला,
जसं कुणी परक्या गावात
दुकानाची पाटी वाचायचा प्रयत्न करावा.
"भरलं?" त्याने विचारलं.
तिला तर आत्ता कुठे भूक लागली होती.
"भरलं," ती म्हणाली.

सकाळी तिने खोपीलाही कुलूप लावलं.
गळ्यात किल्ल्या तीन झाल्या.
शाळेची बस येईतो तो पट्ट्यांशी उभा राहतो,
फटीला नाक लावून, दप्तर पाठीवर.
ती खिडकीतून बघते. हाक मारत नाही.
बस वळणावर दिसली की मारते.